गोटेदेवाचा चढ

"चढावर थांबली, तं तेथून पुन्हा निघन का?"

शकुनबाईंनी तोच प्रश्न फिरून विचारला, तेव्हा शेठने हातातला गाडीचा रिमोट टेबलावर ठेवला आणि प्रविणकडे पाहिलं. प्रविणने नजर पंख्याकडे वळवली.

"काकूजी," शेठ म्हणाला, "चढावर थांबायचंच कशाला? गाडी चढायसाठी असते. थांबायसाठी घर आहे ना!"

स्वतःच्या बोलण्यावर तो हसला. प्रविण त्याच्याहून मोठ्याने हसला.

भंडाऱ्याच्या बाजारातलं ते दुकान पूर्वी पितळी भांड्यांचं होतं. शकुनबाईंच्या लग्नातली पाण्याची गुंडी याच ओळीतून कुठून तरी घेतलेली. आता तिथे बॅटरीच्या गाड्या हळदीकुंकवाला बसलेल्या बायकांसारख्या रांगेने, नटून उभ्या होत्या.

"थांबा लागते," शकुनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच असा, की ऐकणाऱ्याला थोडं पुढे वाकावं लागतं. "आमच्या चढावर अर्ध्यात देव आहे. गोटेदेव. खालून एक गोटा न्याचा, त्याच्यापाशी उतराचं, गोटा ठेवाचा, हात जोडाचे, मंग पुढं जाचं."

"मोठमाय, लोकं आता हॉर्न देऊन जातेत," प्रविण म्हणाला. तो त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. दुकान त्याच्या मित्राचं, म्हणून तोच त्यांना इथे घेऊन आला होता. "देवाले समजते."

"मी रस्त्यात भेटली आन तू नुसता हॉर्न देऊन गेला, तं त्याले मी रामराम समजू का?"

शेठने पुन्हा गाड्यांकडे मोर्चा वळवला. लाल रंगाची लहान गाडी होती. तिला लायसन्स लागत नव्हतं आणि शकुनबाईंनी जमवलेल्या पैशांत ती बसत होती. तिच्या शेजारची मोठी गाडी चढाला दमदार होती, पण ती घ्यायची तर हप्ते आले. हप्त्यांना शकुनबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. निवृत्तीनंतरही हप्ते मागे लागलेले त्यांना नको होते.

"मग ही लालच," शेठ म्हणाला. "कंपनी म्हणते, चढ चढते."

"कंपनीनं आमचा चढ पाह्यला का?"

शेवटी असं ठरलं, की रविवारी ती लाल गाडी टेम्पोत टाकून बेलटोल्याला न्यायची आणि चढावर चालवून पाहायची. प्रविणच्या शब्दावर शेठ तेवढं कबूल झाला.

बेलटोला आणि हिवरपार या दोन गावांच्या मध्ये एक टेकडी आहे. मोह, साजा आणि तेंदूच्या झाडांनी भरलेली. हिवरपारच्या बाजूने रस्ता आरामात उतरतो, पण बेलटोल्याच्या बाजूने तो अंगावर येतो. आणि जिथे वळण सगळ्यात उभं आहे, अगदी तिथेच, रस्त्याच्या कडेला गोटेदेवाचा ढीग आहे. मूर्ती नाही, शेंदूर नाही, ओटा नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेले दगड. नवी नवरी म्हणून शकुनबाई या रस्त्याने आल्या, तेव्हा सासूने, कलाबाईने, त्यांच्या हातात दगड दिला होता. "गोटा देवाले दे, आन दम घे," एवढंच ती म्हणाली होती. यापलीकडे त्या देवाची पोथी कुणाला ठाऊक नव्हती.

हिवरपारच्या शाळेत त्यांचे पती कैलाश शिपाई होते. काविळीने ते गेले, तेव्हा मुलगा मनिष तिसरीत होता. संस्थेने त्यांच्या जागी शकुनबाईंना घेतलं. त्या वर्षी धान निघाल्यावर शेताच्या रिकाम्या बांधीत त्या सायकल शिकल्या. धाकटी जाऊ बांधावर उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची, गुडघे फुटायचे. शिकल्या. चढापर्यंत सायकल चालवायची, चढावर ढकलत न्यायची, गोटेदेवापाशी दगड ठेवायचा, पुन्हा ढकलायची, माथ्यावरून सोडून द्यायची. पुढे सकाळची एसटी सुरू झाली आणि सायकल गोठ्यात उभी राहिली. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा त्या वळणावर गाडी उभी करायचा. इंजिनाला विसावा म्हणा, नाही तर देवाला मान. चार बायका उतरून दगड ठेवून यायच्या, मग गाडी घरघरत निघायची.

यंदा ती एसटी कोंढ्यावरून वळवली. ती हिवरपारला पोचायची तेव्हा शाळेची प्रार्थना आटोपलेली असायची. शाळा उघडायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, आणि कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पहिली घंटा द्यायची, हे शकुनबाईंचं काम. ती घंटा आता मुलं देऊ लागली होती. ज्याच्या हाती सळई लागेल तो. एके दिवशी संस्थेचे सचिव नेमके त्याच वेळी आले.

हेडमास्तर चांगले गृहस्थ होते. त्यांनी शकुनबाईंना खुर्ची दिली, हेच वाईट लक्षण होतं.

"दिवाळीपर्यंत बघा," ते म्हणाले. "सुट्या संपल्यावर पहिल्या घंटेला तुम्ही हव्यात. नाही जमलं, तर भंडाऱ्याला आपल्या वसतिगृहात बदली. तिथे खोली मिळेल, दगदग नाही. तुमच्या सोयीचंच आहे."

तेव्हापासून जो तो त्यांना सोय देऊ लागला. मनिषने नागपूरहून फोन केला. "आई, सोड ना आता. इकडं ये. डिंपल ड्युटीवर जाते, लहानीले पाहाले कोनी नाही. तुलेही सोय, आमालेही सोय." प्रविणने आपल्या मोटारसायकलवर नेऊन सोडायची सोय देऊ केली. ती त्यांनी वापरूनही पाहिली. पण प्रविणचा दिवस उन्ह अंगावर आल्याशिवाय सुरू होत नसे. शकुनबाई डबा घेऊन ओट्यावर उभ्या, आणि हा पांघरुणातून ओरडायचा, "आलोच, मोठमाय, आंग धुऊन राहिलो!"

बदली म्हणजे घराला कुलूप. तुळशीला पाणी कोण घालणार? आणि कैलाश ज्या सळईने घंटा देत होते, ती दुसऱ्याच्या हाती. शकुनबाई हे कुणाला बोलून दाखवत नव्हत्या. सकाळी पूजा आटोपली की देवापुढे थोडा वेळ जास्त बसायच्या, इतकंच. यातून एक वाट निघत होती: ज्याचं पेट्रोल कुणाला मागावं लागणार नाही आणि जे चालवायला कुणाला उठवावं लागणार नाही, असं एक वाहन. म्हणून भंडाऱ्याचं दुकान.

रविवारी टेम्पो आला. चढाच्या पायथ्याशी गाडी उतरवली. प्रविणने गॉगल लावला, दूरवरून वेग घेतला, आणि ती लाल गाडी चढावर सुसाट गेली. वळणावर त्याने देवाला लांबलचक हॉर्न दिला. माथ्यावरून परतला तो विजयी चेहऱ्याने.

"पाह्य! चढली का नाई?"

"चढली. तू एकटा गेला, पळत गेला, आन थांबला नाही."

"मंग?"

"माझं जानं तसं नाही."

शकुनबाईंनी डब्याची पिशवी पुढे ठेवली, शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला, आणि पायथ्याशी वाकून एक दगड निवडला. मुठीत मावेल असा. मग बसल्या. प्रविण मागून पायी निघाला. गाडी चढली, वळणावर आली. शकुनबाई उतरल्या, दगड ढिगावर ठेवला, डोळे मिटले, हात जोडले. परत येऊन बसल्या आणि मूठ पिळली.

गाडी नुसती गुणगुणली. उतू जाण्याआधी दूध चुलीवर करतं तसा आवाज. पुढे बोटभरही सरकली नाही. मग मागे सरकू लागली.

"ब्रेक! मोठमाय, ब्रेक धर!" प्रविण धावत आला, मागून खांदा लावला. त्याचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. समोर एक दिवा लागला, आणि गाडी आपणहून बंद पडली.

दोघांनी मिळून ती कडेला घेतली. प्रविण दगडांच्या ढिगाशेजारीच टेकला.

"देवाची जागाच चुकली," तो धापा टाकत म्हणाला. "वर माथ्यावर काहून नाही बसला? तठी सपाट आहे. तू गोटा वर ठेव ना. देव का पोलीस आहे, अठीच पावती फाडाले उभा?"

शकुनबाईंना हसू आलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"गाडी बदलता येते, प्रविण. देव कायले बदलू?"

"अवं पन गोट्यासाठी गाडी सोडते का कोनी? लोकं काय म्हनतीन!" त्याने तिथूनच मनिषला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "दादा, समजाव बाप्पा तुझ्या मायले."

मनिषने सगळं ऐकून घेतलं. "आई," तो म्हणाला, "तू गाडी नोकरीसाठी घेऊन राहिली का गोट्यासाठी?"

"दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, बाप्पा."

"पन तू किती दिवस असा हट्ट..."

"दम लागला आहे मले. ठेवतो." आणि त्यांनी प्रविणचा फोन प्रविणच्या हातात दिला.

खरं म्हणजे त्यांना दम लागला नव्हता. त्यांना राग आला होता. तो त्यांच्या आवाजात कधी उतरत नसे, हातात उतरायचा. त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन गोठा झाडला, इतका, की कोपऱ्यातली जुनी सायकल कोळिष्टकांतून बाहेर आली. तिची टायरं फाटली होती. चौकट मात्र ठणठणीत होती.

बुधवारी शेठचा निरोप आला, की गाडी तयार आहे. प्रविणने परस्परच होकार कळवला होता. शकुनबाई भंडाऱ्याला गेल्या. दुकानात लाल गाडीला झेंडूचा हार घातलेला, पेढ्यांचा डबा उघडा, आणि प्रविण मोबाईलने फोटो काढायच्या तयारीत.

"काकूजी, तुमच्यासाठी स्पेशल!" शेठ म्हणाला. "हेल्मेट फ्री. आरसे फ्री. आणि हे पाहा..." त्याने गाडीच्या पुढच्या भागावर चिकटवलेला चकाकता गणपती दाखवला. "देव गाडीवरच बसवून टाकला! आता थांबायची गरजच नाही. चलते-चलते दर्शन."

शकुनबाईंनी गणपतीला हात जोडले. मग गाडीला घातलेला हार हळूच काढला आणि भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोला घातला.

"शेठ, तुमची गाडी चांगली आहे. सपाटीवरच्या बाईले द्या."

"मोठमाय!" प्रविण दबक्या आवाजात ओरडला. "मी शब्द देल्ला होता!"

"तुझा शब्द तुझा, बाप्पा. पाय माझे आहेत."

"काकूजी, दुसऱ्या दुकानातही हेच मिळेल," शेठ आता जरा कडक झाला. "तुमच्या बजेटमध्ये थांबून चढणारी गाडी नाही. एक तर पैसे वाढवा, नाही तर देव सोडा."

दुकानात उभी असलेली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. असं चारचौघांत कुणी पाहिलं, की एरवी शकुनबाईंचा पदर आपोआप डोक्यावर यायचा. आज तो खांद्यावरच राहिला.

"तिसरं काही तरी निंगन," त्या म्हणाल्या. मग एक पेढा उचलून प्रविणच्या हातावर ठेवला, कारण तो फार उतरला होता, आणि बसस्टँडकडे चालू लागल्या.

कोंढ्याच्या बाजारात, टिनाच्या छपराखाली, मंगरूचं सायकलीचं दुकान आहे. पन्नाशीचा, काळासावळा, कानामागे पेन्सिल खोचणारा माणूस. दुकानात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पंपांची रांग. शाळेतल्या मुलींच्या सायकली त्याच्याकडेच दुरुस्तीला यायच्या, त्यामुळे तो शकुनबाईंना ओळखत होता. अलीकडे तो जुन्या सायकलींना मोटर आणि बॅटरी बसवून देऊ लागला होता. शकुनबाईंनी आपली सायकल एका धानाच्या ट्रॅक्टरवर टाकून आणली, तेव्हा त्याने ती उलटी करून चाकं फिरवली, चौकट ठोकून पाहिली, आणि विचारलं, "जाता कठी?"

"हिवरपारले. टेकडीवरून."

"थांबता कठी?"

शकुनबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. एवढ्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. किती दूर जाता, किती वजन नेता, किती पैसे आहेत, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"गोटेदेवापाशी."

"ऐन वळनावर," मंगरूने मान डोलावली. "मंग सांगा, जोर पाहिजे का वेग? दोन्ही एवढ्या पैशात नाही भेटत."

"जोर."

"हळू जाईन हं. स्कुटीवाल्या मास्तरीन बाई तुमाले मागं टाकतीन."

"टाकू द्या. लवकर निंगन मी."

मंगरूने मागच्या चाकात जोराची पण धिमी मोटर बसवली, मागचं फ्रीव्हील जास्त दात्यांचं घातलं, म्हणजे पायडल हलकं पडावं. बॅटरी कॅरिअरखाली बसवली. किल्ली लावून काढता येणारी. नवी टायरं, नवे ब्रेक. सायकलच्या चौकटीला मात्र त्याने रंग लावला नाही. "रंगाचे पैसे ब्रेकात टाकले," तो म्हणाला. सगळं मिळून लाल गाडीच्या निम्म्यातही आलं नाही.

पण शकुनबाई शिकल्या होत्या. "चढावर पाहूनच घेईन," त्या म्हणाल्या.

"मीही पाहूनच देईन," मंगरू म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढून आपल्या मोपेडवर बरोबर निघाला.

पायथ्याशी शकुनबाईंनी दगड निवडला. सायकल चढू लागली. पाय हलके फिरत होते आणि खालून कुणी तरी पाठीला हात लावल्यासारखं वाटत होतं. वळणावर त्या उतरल्या, दगड ठेवला, हात जोडले. मंगरू जरा दूर उभा राहिला.

"मी देव नाही मानत, बाई," तो म्हणाला. "पन चढ मानतो."

शकुनबाई बसल्या. मूठ पिळली. मोटर गुणगुणली, आणि सायकल जागची हलली नाही.

तोच आवाज. उतू जाणाऱ्या दुधाचा.  सायकल मागे सरकते की काय म्हणून त्यांनी ब्रेक आवळला. दिवाळी आठवड्यावर आली होती.

"हेही नाही," त्या पुटपुटल्या.

"पाय कठी आहेत तुमचे?" मंगरूने विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय जमिनीवर होते. स्कुटीवर बसावं तशा त्या बसल्या होत्या, मोटर ओढून नेईल म्हणून.

"बाई, ते स्कुटी नोय. एकट्या मोटरीनं अठून निंगत नाही. एकट्या पायानंही नाही निंगत, ते तुमाले मालूम आहे. दोघं संगं लावा. आंधी पाय, मंग मूठ."

शकुनबाईंनी उजवं पायडल वर आणलं. त्यावर सगळा भार दिला. गुडघ्यातून एक कळ वरपर्यंत गेली. सायकल अंगुळभर हलली, आणि त्या अंगुळावर त्यांनी मूठ पिळली. मोटरने ती हालचाल पकडली. एक फेरा, दुसरा फेरा. सायकल निघाली. ढकलल्याशिवाय, कुणाचा खांदा न लागता, ऐन वळणावरून निघाली.

माथ्यावरून त्या वळून परत आल्या, तेव्हा मंगरू ढिगापाशी उकिडवा बसून एक मोठा जुना दगड उलटसुलट करत होता.

"हे पाह्यलं का कधी?" त्याने दगडाच्या कडेवरचे ओरखडे दाखवले. खोल, एकाच दिशेने गेलेले, काळपट. "हे लोखंडाचे आहेत. बंडीच्या चाकाच्या धावेचे. माझा आजा अठून धानाची बंडी हाकत जाये. अठी आलं का बैलं थकत. मंग खाली उतरून चाकामागं गोटा लावाचा, म्हनजे बंडी मांगं नाही येत. बैलाईनं दम घेतला, का पुढं. मागून चालनारी बाई गोटा उचलून कडंले टाके. तेच हे गोटे." तो हसला. जरा भीतभीतच, कारण समोरची बाई उपासतापास करणारी आहे, हे त्याला ठाऊक होतं. "रागावू नोका, बाई. पन तुमचा देव म्हनजे ब्रेक होता."

शकुनबाईंनी तो दगड हातात घेतला. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. मागून चालणारी बाई. कलाबाईची सासू असेल, किंवा तिची सासू. गोटा देवाले दे, आन दम घे.

"मंग देवानं दुसरं काय कराचं असते?" त्या हळूच म्हणाल्या. "मांगं जाऊ द्याचं नाही. एवढंच तं."

मंगरूने त्यांच्या हातून दगड घेतला. होता तिथेच परत ठेवला. नीट, डगमगणार नाही असा.

गावात हसण्याचा कार्यक्रम झालाच. "मोठमाय, जग स्कुटीवर गेलं आन तू सायकलवर मांगं आली," प्रविण म्हणाला. त्याचा राग पेढ्याने गेला नव्हता. धाकट्या जावेने बांधावरचं जुनं हसू पुन्हा बाहेर काढलं. चावडीवर कुणी तरी म्हणालं, की म्हातारीला वाघ धरेल तर सायकलसकट धरेल. शकुनबाईंनी देवघरापाशी जो एकच प्लग होता, त्यात बॅटरी लावली. समईचा उजेड आणि बॅटरीचा हिरवा ठिपका शेजारी शेजारी राहू लागले.

दिवाळीच्या सुट्या संपल्या. पहिल्या सकाळी धुकं होतं, आणि कापलेल्या धानाचा वास रस्त्यावर साचला होता. शकुनबाईंनी पूजा केली, तुळशीला पाणी घातलं, फराळाचा डबा बांधला. प्रविणच्या घराचं दार बंद होतं. ओट्यावरून त्याचं घोरणं ऐकू येत होतं.

पायथ्याशी त्यांनी दगड निवडला. अर्धा चढ गेला, तोच मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन तो चढत होता. वळणावर शकुनबाई थांबल्या. रस्ता तिथे अरुंद. मागून हॉर्न वाजला.

"ओ बाई! चढावर काहून थांबल्या? बाजूले व्हा!"

शकुनबाईंनी मागे न पाहता हात वर केला. थांब.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांब, प्रविणसारखा. त्यांनी सायकल स्टँडवर लावली. दगड ढिगावर ठेवला. डोळे मिटले. मागचं इंजिन गुरगुरत होतं, ड्रायव्हर काहीबाही बोलत होता, आणि त्यांनी आपली प्रार्थना एका शब्दानेही आखडली नाही. रोज जेवढी, तेवढी.

मग त्या बसल्या. आधी पाय, मग मूठ. कळ आली. सायकल निघाली.

मागे ट्रॅक्टरने जोर लावला. इंजिन रडलं, आणि भरलेली ट्रॉली मागे ओढू लागली.

"अरे, मांगं येऊन राहिली! लाव, चाकामांगं काही तरी लाव!" ड्रायव्हर ओरडला. कुणी तरी धपकन खाली उडी मारली. दगडावर दगड घासल्याचा आवाज आला, मग रबराखाली काही तरी घट्ट बसल्याचा. मग क्षणभर सगळं शांत.

शकुनबाईंनी वळून पाहिलं नाही. पाहायला मान वळवली असती, तर पाय थांबला असता. त्या माथ्यावर पोचल्या तेव्हा खाली इंजिनाने पुन्हा जोर धरला होता. ट्रॅक्टर निघाल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग, जरा उशिराने, दगडांच्या ढिगावर एक दगड पडल्याचा.

पलीकडच्या उतारावर त्यांनी मूठ सोडून दिली. धुक्यात हिवरपारची कौलं दिसू लागली.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. त्यांनी ते उघडलं, वर्ग झाडले, रांजण भरला. कार्यालयाच्या कोनाड्यातून लोखंडी सळई घेतली आणि कडुनिंबाखाली आल्या. मैदानात अजून एक पोर आलं नव्हतं. रुळाच्या तुकड्यावरून दव ओघळत होतं. ते त्यांनी पदराने पुसलं.

मग पायरीवर बसल्या, सळई मांडीवर आडवी ठेवली, आणि गुडघा चोळू लागल्या.

पहिल्या घंटेला अजून वेळ होता.